ऊन फुकट, वारा फुकट. मग वकील कशाला?

प्रश्न : माझी भाची मुंबईत वकील आहे. दिवाळीत घरी आली होती तेव्हा विचारलं, 'कोणत्या कोर्टात जातेस?' तर म्हणाली, 'मामा, मी कोर्टात जातच नाही. मी सोलर आणि विंडचे प्रकल्प करते.' मला काही उलगडा झाला नाही. आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला सौर प्रकल्प आहे. तिथे इंजिनीअर पाहिले, वायरमन पाहिले, वॉचमन पाहिले. वकील काही दिसला नाही. ऊन फुकट, वारा फुकट. भांडण नसताना यात वकिलाचं काय काम?

ता. क. शेजारच्या गावात एक एजंट सौर प्रकल्पासाठी जमिनी भाड्याने मागत फिरतो आहे. परवा आमच्याही ओट्यावर चहा पिऊन गेला. त्याबद्दलही दोन शब्द सांगितलेत तर बरं होईल.

— एक शेतकरी वाचक, साक्री (जि. धुळे)

उत्तर : ऊन फुकट आहे, म्हणूनच वकील लागतो. हे कोड्यात बोलल्यासारखं वाटेल, तेव्हा आधी हिशेब मांडू.

कोळशाच्या वीजकेंद्राला खर्च दोन ठिकाणी येतो. एकदा केंद्र उभारताना आणि मग रोज कोळसा जाळताना. सौर प्रकल्पाला रोजचा खर्च असा फारसा नाही. पॅनल धुवायचे, गवत काढायचं, राखण ठेवायची, विमा भरायचा. बाकी सगळा पैसा वीज सुरू होण्याआधीच जमिनीत गाडलेला असतो. म्हणजे पुढच्या २५ वर्षांच्या विजेची किंमत आजच मोजून टाकायची आणि मग ती युनिटायुनिटाने वसूल करत बसायचं.

समजा, ५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. सोयीसाठी खर्च २०० कोटी धरू. त्यातले ५० कोटी प्रवर्तकाचे, १५० कोटी कर्जाचे. वर्षाला १० कोटी युनिट वीज होते आणि ती ३ रुपयांनी विकली जाते, म्हणजे ३० कोटींची मिळकत. १५० कोटी १८ वर्षांत ९ टक्क्यांनी फेडायचे तर दर वर्षी सुमारे १७ कोटी बँकेला जातात. व्याज ९ ऐवजी १० टक्के झालं, तर हा आकडा एक कोटीहून जास्त वाढतो. युनिटमागे पडतात ११-१२ पैसे. आता हे पैसे किरकोळ वाटतील. पण राजस्थानात भडला इथल्या सौर पार्कसाठी मे २०१७ मध्ये लिलाव झाला, तेव्हा पहिली बोली २ रुपये ४४ पैशांची होती आणि दुसरी २ रुपये ४५ पैशांची. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात दर १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला. जिथे एका पैशाने बाजी फिरते तिथे एक टक्का व्याज म्हणजे डोंगर.

आणि व्याज ठरतं बँकेच्या भीतीवर. तुम्ही ट्रॅक्टरसाठी कर्ज काढता तेव्हा बँक तुमचं शेत बघते, जुनी परतफेड बघते. सौर प्रकल्पाचं कर्ज मात्र बहुतेक वेळा त्या एका प्रकल्पासाठी काढलेल्या कोऱ्या कंपनीला मिळतं. तिला आगा नाही, पिछा नाही. मागे मोठा उद्योगसमूह असला तरी त्याची बाकीची मालमत्ता या कर्जाला सहसा बांधलेली नसते. प्रकल्प बुडाला तर बँकेच्या हाती काय लागणार? वापरलेले पॅनल आणि तारेचं कुंपण. ते विकून १५० कोटी येत नाहीत. म्हणून बँक कर्ज देते ते पॅनलकडे बघून देत नाही, कागदांकडे बघून देते. जमिनीवरचा हक्क २५ वर्षं टिकेल ना? वीज घेणारा २५ वर्षं घेईल ना, आणि पैसे देईल ना? परवानग्या पक्क्या आहेत ना? हे कागद जितके भक्कम तितकी भीती कमी. भीती कमी तितकं व्याज कमी. आणि व्याज कमी तितकी वीज स्वस्त. तुमची भाची ते कागद भक्कम करते. तुम्ही म्हणता भांडण नसताना वकील कशाला. भांडण नसतं तेव्हाच तिचं काम असतं. भांडण झालं तर तिचं काम कच्चं राहिलं, असा त्याचा अर्थ.

आधी सातबारा

या धंद्यातलं पहिलं काम जमिनीचं. ५० मेगावॉटला ढोबळ मानाने दोनशे एकर लागते. महाराष्ट्रात एका मालकाची सलग दोनशे एकर शोधायला गेलात तर चपला झिजतील, कारण १९६१ च्या सीलिंग कायद्याने कोरडवाहू जमिनीलाही ५४ एकरांची मर्यादा घातली. म्हणजे पन्नास-साठ खातेदार आले. खातेदार पन्नास, तर सह्या करणारे दोनशे.

माझ्यासमोर आलेला एक उतारा जवळून बघू. गट नंबर, क्षेत्र २ हेक्टर ८० आर, पोटखराबा वेगळा. भोगवटादार वर्ग १. हे वाचून वकिलाचा जीव भांड्यात पडतो, कारण वर्ग २ असतं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहाराला हात लावता आला नसता. कब्जेदारांत तीन भावांची नावं, प्रत्येकापुढे फेरफाराचा क्रमांक. आणि शेजारी 'इतर हक्क' नावाचा रकाना. गावात या रकान्याकडे कोणी फारसं बघत नाही. आम्हा वकिलांची नजर आधी तिथेच जाते. सोसायटीचा बोजा, विहिरीतला अर्धा हिस्सा, जुन्या कुळाचं नाव, 'पुनर्वसनासाठी संपादित' असा शिक्का. प्रकल्प बुडवू शकणाऱ्या सगळ्या गोष्टी त्या अरुंद पट्टीत दाटीवाटीने बसलेल्या असतात. या उताऱ्यात तिथे दोन बायकांची नावं होती.

मग फेरफार मागे मागे वाचत जायचं. गटवारी होण्याआधीचे सर्व्हे नंबर शोधायचे, दुय्यम निबंधकाकडे ३० वर्षांचा शोध घ्यायचा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. इथे १९८७ च्या वारसनोंदीत उलगडा झाला. वडील वारले, मुलगे कब्जेदार म्हणून लागले आणि मुली 'इतर हक्कात' गेल्या. त्या काळी हे सर्रास व्हायचं. पण हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि मुलगी जन्माने मुलाइतकीच हिस्सेदार झाली. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात दिला. भावांना वाटत होतं की बहिणींचा प्रश्न केव्हाच मिटला. बँकेच्या वकिलाने एका ओळीत लिहिलं : दोन्ही बहिणींच्या सह्या आल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कंपनीच्या एजंटाने हक्कसोडपत्र टाइप करूनच आणलं होतं. मी धाकट्या बहिणीला भेटायला गेलो. सत्तरी उलटलेली बाई, सुनेने पाट मांडून बसवलं. कागद न बघताच तिने विचारलं, 'सही केली तर माहेरच्या उताऱ्यावरून माझं नाव जाईल ना?' मी म्हटलं, हो, जाईल. ती गप्प बसली. गाडीत परत येताना लक्षात आलं की आपण चुकीचा कागद घेऊन गेलो होतो. कंपनीला जमीन विकत घ्यायचीच नव्हती, भाड्याने हवी होती. मग बहिणींनी हक्क सोडायचं कारण काय? भाडेपट्ट्यात त्याही मालक म्हणून आल्या, भाडं पाच खात्यांत विभागून जमा व्हायला लागलं. बँकेला हव्या होत्या त्या सह्याही मिळाल्या आणि कोणाचं नाव कुठून गेलं नाही. वकिलाचं निम्मं कौशल्य कायद्यात असतं. उरलेलं, समोरच्याला नेमकं काय नको आहे हे ओळखण्यात.

तुमच्या तालुक्यात आणखी एक गोष्ट कळीची. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं येतं. विक्रीच नव्हे, भाडेपट्टाही त्यात येतो. पाच वर्षांहून जास्त मुदतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना राज्य शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. वतनाची जमीन, देवस्थान इनाम, गायरान, वनहक्काचे दावे, प्रत्येकाचा कायदा निराळा. आणि प्रकल्पाची जमीन मिळाली म्हणजे संपलं नाही. वीज उपकेंद्रापर्यंत न्यायची तर तारा दुसऱ्यांच्या शेतावरून जाणार. त्या तारांचे मनोरे उभारण्याच्या अधिकारासाठी आजही १८८५ च्या तार कायद्याचा आधार घेतला जातो. तारखात्याची तार बंद झाली, तिचा कायदा मात्र शेतात उभा राहिला.

कधी कधी पक्षीही वाचावे लागतात. राजस्थान-गुजरातेत माळढोक उडताना तारांना आपटून मरतात, म्हणून एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या पट्ट्यातल्या विजेच्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या. हा पट्टा सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरचा, आणि देशातलं उत्तम ऊनही त्यातच. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. मधली तीन वर्षं तिथल्या प्रत्येक प्रकल्पाच्या वकिलाच्या टेबलावर नकाशा आणि निकालपत्र शेजारी शेजारी होतं.

मग वीजखरेदी करार

जमीन हा पाया, तर वीजखरेदी करार हे घराचं आढं. धंद्यातली मंडळी त्याला पीपीए म्हणतात. अमुक दराने २५ वर्षं वीज विकेन आणि घेईन, एवढं एका वाक्यात सांगता येतं. मग करार शंभर-दीडशे पानांचा का? कारण २५ वर्षांत काय काय होऊ शकतं याची ती यादी असते. विजेचं जाळं बंद पडलं आणि वीज तयार असून घेता आली नाही, तर नुकसान कोणाचं? प्रकल्प सहा महिने उशिरा उभा राहिला तर दंड किती? पैसे थकले तर व्याज किती, आणि किती दिवसांनी वीज दुसऱ्याला विकता येईल? करार मोडला तर बँकेचं कर्ज कोण फेडेल?

यातला एकच प्रश्न घेतो : मध्येच कायदा बदलला तर? भडल्याचे ते विक्रमी दर ठरले तेव्हा पॅनल बहुतांशी चीनमधून येत होते. जुलै २०१८ मध्ये केंद्राने आयात सेल-पॅनलवर पहिल्या वर्षासाठी २५ टक्के संरक्षक शुल्क लावलं. बोली लावून दर तर बांधून घेतलेला, आणि माल रातोरात महाग. आता तोटा कोणी सोसायचा? उत्तर होतं करारातल्या 'कायद्यातील बदल' या कलमात. ज्यांच्या करारात कलम नीट लिहिलेलं होतं, ते नियामक आयोगाकडे गेले आणि भरपाई मागू शकले. जिथे शब्द ढिले होते तिथे त्या शब्दांवरच वाद. पुढे २०२१ मध्ये केंद्राने अशी भरपाई लवकर मिळावी म्हणून नियम केले. एप्रिल २०२२ पासून पॅनलवर ४० टक्के सीमाशुल्क आलं, तोवर सगळेच वकील त्या कलमाकडे डोळ्यांत तेल घालून बघायला शिकले होते.

पण सगळा दोष बाहेरच्या घटनांवर टाकता येत नाही. कधी विकत घेणाऱ्यालाच पश्चात्ताप होतो. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये नवं सरकार आलं. आधीच्या सरकारच्या काळातले पवन आणि सौर करार चढ्या दराचे आहेत, त्यांची फेरवाटाघाटी करू, अशी भूमिका त्याने घेतली. नव्या लिलावांत दर खाली आले होते, त्यामुळे जुने करार डोळ्यांत खुपणारच. कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये तात्पुरते दर ठरवून मिळाले, पवनऊर्जेला २ रुपये ४३ पैसे आणि सौरऊर्जेला २ रुपये ४४ पैसे. मार्च २०२२ मध्ये खंडपीठाने करारातल्याच दराने पैसे द्यायला सांगितलं. करार जिंकला, पण अडीच वर्षं गेली आणि बँकेचा हप्ता काही न्यायालयाच्या तारखेसाठी थांबत नाही. म्हणूनच कागदात नुसता हक्क लिहून भागत नाही. तो हक्क मिळेपर्यंत तग कसा धरायचा, हेही लिहावं लागतं. मध्य प्रदेशातल्या रीवा इथल्या ७५० मेगावॉटच्या प्रकल्पात हे चांगलं साधलं. तिथे पैसे थकले तर एकामागे एक अशी तीन पातळ्यांची हमी बांधली होती आणि शेवटी राज्य सरकार उभं होतं. २०१७ मध्ये तिथे पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे निघाला आणि तिथली वीज दिल्लीची मेट्रोही घेते. ऊन तेच होतं, हमी बदलली.

महाराष्ट्राला या विषयात कोणी शिकवायची गरज नव्हती. आपण दाभोळ भोगलं आहे. तो प्रकल्प स्वच्छ ऊर्जेचा नव्हता, पण वीजखरेदी कराराचं इतकं महागडं पाठ्यपुस्तक दुसरं नाही. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला. वीज घ्या न घ्या, स्थिर आकार द्यायचाच. देण्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. राज्याची हमी आणि वर केंद्राची प्रतिहमी. कंपनीच्या बाजूने बघितलं तर कागद पोलादी होता. १९९५ मध्ये सरकार बदललं, करार मोडला, लंडनमध्ये लवाद उभा राहिला, १९९६ मध्ये पुन्हा वाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत मंडळाला बिल पेलेना. २००१ मध्ये केंद्र बंद पडलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. गुहागरच्या किनाऱ्यावर अंजनवेलला ते धूड वर्षानुवर्षं गंजत उभं होतं.

त्यातून मी एक गोष्ट शिकलो आणि हाताखालच्या प्रत्येक नव्या वकिलाला सांगतो. समोरच्याला पेलणार नाही असा करार करून घेण्यात हुशारी नाही. २५ वर्षं चालायचा कागद दोन्ही खांद्यांना झेपला पाहिजे. एक खांदा वाकला की पालखी दोघांचीही पडते.

शेवटी कर्ज

बँकेचं सँक्शन लेटर आलं की लोक पेढे वाटतात. वकिलाची खरी धावपळ तिथून पुढे. बँक म्हणते, पैसे मंजूर, पण आधी या अटी पुऱ्या करा. ही यादी शंभराच्या पुढे जाते. ग्रामपंचायतीच्या ठरावापासून विम्याच्या पॉलिसीपर्यंत, आणि पॅनल बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या करारापासून जमीनमालकाच्या संमतीपर्यंत. भाची रात्री अकराला फोनवर 'सीपी क्लोज झाले का?' असं कोणाला विचारत असेल, तर ती याच यादीबद्दल बोलत असते.

कर्जाच्या करारातली सर्वांत सुंदर तरतूद मला विचाराल तर पैशांच्या पाळीची. ती तुम्हाला मुंबईच्या बँकरपेक्षा लवकर कळेल. पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाणी कसं मिळतं? बंधाऱ्यातून पाटात, पाटातून फडात, आणि कोणाची पाळी कधी हे ठरलेलं. वरच्याचं भिजल्याशिवाय खालच्याचं दार उघडायचं नाही, आणि दार उघडणार पाटकरी, शेतकरी नव्हे. प्रकल्पाचा पैसा असाच वाहतो. विजेचे सगळे पैसे एकाच खात्यात येतात आणि त्या खात्याचं दार बँकेच्या हातात असतं. पहिली पाळी कर आणि सरकारी देण्यांची, मग देखभालीची, मग व्याज आणि हप्त्याची. त्यानंतर राखीव खातं भरायचं. दोन तिमाह्यांचा हप्ता तिथे पडून असावा असा साधारण दंडक. वर आंध्रची गोष्ट सांगितली ना, तसल्या दुष्काळासाठी. एवढं भिजून पाणी उरलं तर शेवटच्या चारीला, म्हणजे मालकाला.

एक प्रसंग मात्र बघण्यासारखा असतो. जमीन गहाण ठेवण्याचा आपल्याकडे एक जुना आणि साधा मार्ग आहे. मालमत्ता हस्तांतर कायदा १८८२ चा. त्यात सांगितलंय की मूळ दस्त कर्ज देणाऱ्याच्या हाती ठेवले की गहाण झालं, फक्त ते ठरावीक शहरांत व्हायला हवं. कायद्यात कोलकाता, मद्रास आणि मुंबई यांची नावं आहेत. बाकीची शहरं राज्य शासन जाहीर करतं. त्यामुळे जमीन तुमच्याकडे माळरानावर, आणि तिचं गहाण होतं मुंबईत विसाव्या मजल्यावर. कंपनीचा संचालक पत्र्याची पेटी घेऊन येतो. टेबलावर एकेक दस्त काढून मोजून ठेवतो. 'हे दस्त मी कर्जाच्या तारणापोटी ठेवत आहे,' असं तोंडाने म्हणतो. पलीकडचा माणूस नोंदवहीत तारीख आणि वेळ घालतो. दहा मिनिटांत काम उरकतं. वातानुकूलित खोलीत अचानक जुन्या कागदांचा, तलाठी कार्यालयाचा वास पसरतो. मग ३० दिवसांत निबंधकाकडे सूचना, कंपनी निबंधकाकडे बोजाची नोंद, कंपनीच्या शेअरचं तारण, हे सगळं ओळीने येतं. ती ३० दिवसांची मुदत चुकवणाऱ्या वकिलाला झोप लागत नाही.

आणि कोर्ट?

कोर्ट अगदीच नाही असं नव्हे. २००३ च्या वीज कायद्याने निर्मिती परवानामुक्त केली, पण दर आणि वाद यांसाठी नियामक आयोग ठेवले. आपला आयोग मुंबईत कफ परेडला बसतो. तिथून अपील दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे, आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. तिथे उभे राहणारे वकील बहुधा वेगळे असतात. तुमच्या भाचीने लिहिलेलं वाक्य पंधरा वर्षांनी कोणीतरी तिथे मोठ्याने वाचून दाखवेल, आणि त्यातल्या एका स्वल्पविरामावर कोट्यवधींचा निकाल लागेल. म्हणून ती 'किंवा' लिहायचं की 'आणि', यावर दोन तास घालवते. पगार त्याचाच असतो.

आता तुमचा ता. क.

भाडेपट्टा वाईट नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दर वर्षी ३ टक्के वाढ असा हिशेब धरलेला आहे. कोरडवाहू माळाला हे पैसे थोडे नाहीत. एजंट कमी सांगत असेल तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा. पण सही करण्याआधी काही गोष्टी पाहा.

एजंटाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून देऊ नका. करार थेट प्रकल्पाच्या कंपनीशी करा, आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच हवा. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. साठेखतासारखा नुसता 'भाडेपट्टा करू' असा कागद देऊन जमीन दोन-तीन वर्षं अडकवून ठेवणारे असतात. प्रकल्प उभा राहो न राहो, भाडं कोणत्या तारखेपासून सुरू होणार ते लिहून घ्या.

कंपनी तिच्या कर्जासाठी बँकेकडे काय गहाण ठेवणार, ते विचारा. तिने तिचा भाडेपट्ट्याचा हक्क गहाण ठेवावा. तुमची मालकी नव्हे. हे वाक्य करारात स्पष्ट पाहिजे. मुदत संपल्यावर किंवा कंपनीने मध्येच गाशा गुंडाळला तर खांब, काँक्रीट आणि पॅनल कोण उचलणार, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने? शेतातल्या विहिरीचं पाणी, बांधावरची वाट, शेजाऱ्याची वहिवाट यांचं काय? पीककर्जाचा बोजा उताऱ्यावर असेल तर तो आधी सांगून टाका. नंतर निघाला तर सगळा दोष तुमच्या माथी येईल. आणि करार मराठीत मागा. 'इंग्रजीच चालतो' असं कोणी म्हणालं तर त्याला म्हणा, मग मलाही इंग्रजी शिकेपर्यंत वेळ द्या.

पण हे सगळं मी कशाला सांगतोय? तुमच्या घरातच माणूस आहे. भाची पुढच्या वेळी आली की चहाबरोबर तुमचा सातबारा तिच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा. कोर्टात न जाणारा वकील काय करतो ते ओट्यावर बसल्या बसल्या कळेल. गट नंबर बघेल, वर्ग बघेल, आणि मग तिची नजर इतर हक्काच्या रकान्यावर जाईल. तिथे तिच्या आईचं नाव असेल, तर त्याबद्दल काय बोलायचं ते तेवढं आधी ठरवून ठेवा.